स्पॅनिश क्रियापदांचे काळ व अर्थ



मृग तोंडावर आला म्हणजे पारावर कसे बोलणे चालते ते जरा आठवा. एक जण सांगतो, 'काल पलीकडच्या शिवारात पाऊस पडला.' दुसरा म्हणतो, 'आमच्या लहानपणी रोहिणीतच पाऊस पडे.' तिसरा आभाळाकडे बघून म्हणतो, 'संध्याकाळपर्यंत पडेल.' एखादी म्हातारी हात जोडते, 'पडो बाबा एकदाचा!' आणि कोपऱ्यात बसलेला कुणीतरी सुस्कारा सोडतो, 'गेल्या साली वेळेवर पडला असता, तर सोसायटीचं कर्ज फिटलं असतं.'

पाऊस एकच, क्रियापदही एकच. पण पाच माणसांनी त्याची पाच रूपे केली. पहिल्या तिघांनी खबर दिली: एकाने झाल्याची, एकाने पूर्वी होत असल्याची, एकाने होणार असल्याची. म्हातारीने खबर दिली नाही, मागणे मागितले. आणि शेवटचा जे घडलेच नाही त्याविषयी बोलला. खबर केव्हाची आहे हे ज्याने कळते तो क्रियापदाचा काळ. आणि बोलणारा खबर देतो आहे, हुकूम करतो आहे, इच्छा करतो आहे की नुसती कल्पना करतो आहे हे ज्याने कळते, तो क्रियापदाचा अर्थ. शाळेच्या व्याकरणात आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ शिकतो व परीक्षा झाली की विसरतो. आज ते पुन्हा काढायचे आहेत, कारण मला आपल्याशी स्पॅनिश भाषेच्या क्रियापदाविषयी बोलायचे आहे आणि त्याची किल्ली त्या चार नावांत आहे.

स्पॅनिश कशाला, असे आपण विचाराल. स्पेनपासून मेक्सिको, पेरू, चिली, अर्जेंटिनापर्यंत सुमारे वीस देशांत ही भाषा चालते आणि जवळजवळ पन्नास कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. आपल्याकडची मुलेही ती शिकतात; शहरात वर्गाला जाऊन, आणि लहान गावांतून मोबाईलवर. आणि एक जुना धागाही आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत गेले, चापिंगो येथील शेतकी विद्यालयात अध्यापक झाले, मका आणि गहू ह्या पिकांवर त्यांनी काम केले आणि तेथील शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवल्या. २०२२ साली चापिंगोला त्यांचा पुतळा उभारला गेला. आता विचार करा, वऱ्हाडी वळणाच्या मराठीत वाढलेला हा माणूस तेथील शेतकऱ्याशी पेरणीविषयी बोलायला उभा राहिला, तेव्हा 'पेरले', 'पेरत असत', 'पेरावे', 'पेरले असते' ह्यांतले नेमके रूप स्पॅनिशमध्ये सापडल्याशिवाय त्याचे काम चालले नसते. शेतकऱ्याला 'तो पेरतो' म्हणणे आणि 'त्याने पेरावे' म्हणणे ह्यात एका हंगामाचा फरक पडतो.

ही भाषा शिकणारा मुलगा घाबरतो तो क्रियापदांच्या तक्त्याला. स्पॅनिश अकादमी ही संस्था १७१३ साली स्थापन झाली. तिच्या व्याकरणात स्वार्थाचे दहा काळ, इच्छा-कल्पना दाखवणाऱ्या अर्थाचे सहा आणि वर आज्ञार्थ, असा हिशेब आहे. प्रत्येकाची सहा सहा रूपे धरली तर शंभराच्या घरात जातात. शिवाय बहुतेक पुस्तके इंग्रजीतून. इंग्रजी क्रियापदाची रूपे मुळात थोडी, आणि इच्छार्थ तर त्या भाषेत झिजून नावापुरता उरला आहे. मग आपला मुलगा आपल्या घरात रोज वापरतो ती गोष्ट इंग्रजीच्या खिडकीतून बघतो, आणि ती त्याला परकी वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की ही खिडकी बंद करून मराठीचे दार उघडावे. सगळे काही त्यातून दिसत नाही, ते कुठे दिसत नाही हेही मी सांगेन. पण पुष्कळ दिसते.

आधी प्रत्ययाची गोष्ट. स्पॅनिश क्रियापदांची तीन घराणी आहेत. मूळ रूपाच्या शेवटी आर, एर किंवा ईर येते. आर घराण्यातला एक शब्द तर आपल्या गावात केव्हाच येऊन बसला आहे: पगार. पोर्तुगीजांकडून आपण तो घेतला. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण; दोघींतही पागार म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. आपण क्रियापद उचलले आणि त्याचे नाम केले. आता त्याची वर्तमानकाळी रूपे बघा: पागो, मी देतो, पागास, तू देतोस, पागा, तो देतो, पागामोस, आम्ही देतो, पागाइस, तुम्ही देता, पागान, ते देतात. मराठीप्रमाणेच कर्ता बोलला नाही तरी चालतो, कारण शेपटावरून जनावर ओळखू येते. एक सुख असे की देतो-देते हा लिंगभेद स्पॅनिश क्रियापदात नाही. दुसरे सुख ह्याहून मोठे. आपण म्हणतो, मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली. भूतकाळात क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. स्पॅनिशमध्ये तसे होत नाही. आंबा असो की भाकरी, 'मी खाल्ले' हे कोमी ह्या एकाच रूपाने होते. मराठी मुलाने येथे विनाकारण शोधाशोध करू नये.

बाकीच्या भाषणासाठी मी मुद्दाम एक सोपे क्रियापद घेतो: योबेर, म्हणजे पाऊस पडणे. स्पॅनिशमध्ये 'पाऊस' हा कर्ता लागत नाही. संस्कृतात 'वर्षति' म्हटले की पुरे, तसे 'युएबे' म्हटले की पाऊस पडतो आहे असे झाले. पाऊस मी किंवा तू पाडत नाही, त्यामुळे प्रत्येक काळाचे एकच रूप लक्षात ठेवायचे. युएबे म्हणजे पडतो किंवा पडतो आहे, दोन्ही.

खरी गंमत भूतकाळात आहे. 'काल पाऊस पडला' ह्याला योब्यो. 'मी निघालो तेव्हा पाऊस पडत होता' ह्यातल्या 'पडत होता'ला योबीआ. आणि 'लहानपणी फार पाऊस पडे' ह्यालाही योबीआच. स्पॅनिश शिकणारा इंग्रज ह्या जोडीपुढे वर्षानुवर्षे अडखळतो. आपल्याला अडखळण्याचे कारण नाही. 'पडला' आणि 'पडे' ह्यांतला भेद आपण पाळण्यातून शिकलो. आपल्या व्याकरणात 'तो जाई, ती करी' ह्याला रीतिभूतकाळ म्हणतात. 'आजोबा मका पेरीत असत, त्या वर्षी मात्र त्यांनी गहू पेरला' ह्या वाक्यात पहिले क्रियापद सेम्ब्राबा होईल, दुसरे सेम्ब्रो. पहिले चालू असलेली रीत दाखवते, दुसरे उरकलेली गोष्ट.

तरी एक खड्डा आहे, तो दाखवून ठेवतो. पुष्कळ जण समजतात की लांबलेल्या क्रियेला योबीआ आणि पटकन झालेल्याला योब्यो. तसे नाही. 'तीन दिवस सारखा पाऊस पडत होता' असे आपण सहज म्हणतो. पण स्पॅनिश माणूस तीन दिवस हा आकडा उच्चारताच क्रियेला कुंपण घालतो आणि योब्यो म्हणतो. तीन दिवस काय, शंभर वर्षे चाललेले युद्धसुद्धा मोजून बंद केले की पहिल्या रूपात जाते. दाराबाहेरून घर बघितले तर योब्यो. घरात उभे राहून चाललेला कारभार बघितला तर योबीआ. 'मी आलो तेव्हा वडील जेवले' आणि 'मी आलो तेव्हा वडील जेवत होते', ह्या दोन वाक्यांत वडील ताटावर केव्हा बसले ते मराठी माणसाला बरोबर कळते. तोच न्याय.

ह्या भेदाचे एक फळ फार गोड आहे. 'जाणणे' ह्या अर्थाच्या साबेर क्रियापदाचे साबीआ म्हटले तर 'मला ठाऊक होते', आणि सुपे म्हटले तर 'मला कळले'. 'ओळखणे' ह्या अर्थाच्या कोनोसेरचे कोनोसीआ म्हणजे 'मी त्यांना ओळखत होतो' आणि कोनोसी म्हणजे 'माझी त्यांची ओळख झाली'. आपल्याला दोन वेगळे शब्द लागतात तिथे स्पॅनिश नुसता काळ बदलून काम भागवते. 'नाही' जोडून नो केरीआ म्हटले तर 'मनात नव्हते'. नो कीसे म्हटले तर 'साफ नकार दिला'. पत्रात हा फरक चुकला तर माणसे दुरावतील, एवढा तो मोठा आहे.

ह्या काळांना नावे देण्याचे काम ज्याने सर्वांत स्वच्छ केले, त्याचे नाव येथे घेतले पाहिजे. स्पॅनिश भाषेचे पहिले व्याकरण अंतोनियो दे नेब्रिखा ह्याने १४९२ साली सालामांका येथे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी कोलंबस पश्चिमेकडे निघाला होता. पण त्याची दृष्टी लॅटिनवर खिळलेली. लॅटिनचे कपडे स्पॅनिशला घालायचे, असा विद्वानांचा परिपाठ पुढे शतकानुशतके चालला. आपल्या मराठी व्याकरणालाही संस्कृत आणि इंग्रजीचे कपडे घालून पाहिले गेले, हे गुरुजींना सांगायला नको. मग कराकास येथे १७८१ साली जन्मलेले आंद्रेस बेयो पुढे आले. चिली देशात स्थायिक झालेल्या ह्या पंडिताने १८४७ साली अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी स्वतंत्र व्याकरण लिहिले. त्याने म्हटले, नावावरूनच काळाचा पत्ता लागला पाहिजे. योब्यो हा भूत. योबीआ हा सहभूत, कारण तो दुसऱ्या एखाद्या भूतकाळी गोष्टीच्या सोबतीने चालू असतो. 'पडेल असे तो म्हणाला' ह्यातला 'पडेल' म्हणजे योबेरीआ; तो भूतानंतरचा, म्हणून पश्चभूत. 'मी पोचलो तेव्हा पाऊस पडून गेला होता', आबीआ योबीदो, हा सहभूताच्या आधीचा. आधी, सोबत, नंतर, एवढे तीन उपसर्ग, आणि सबंध तक्ता उलगडतो. मेक्सिकोच्या शाळांत ही नावे आजही वापरतात. मला स्वतःला बेयोची पद्धत अकादमीच्या नावांपेक्षा शिकवायला सोयीची वाटते, कारण फळ्यावर एक आडवी रेघ ओढून ती दाखवता येते.

योबेरीआविषयी एक सावधगिरी. मराठीत 'पाऊस पडेल असे तो म्हणाला' ह्यात 'पडेल' तसेच राहते. स्पॅनिशमध्ये 'म्हणाला' भूतात गेले की 'पडेल'लाही आपली जागा सोडून योबेरीआ व्हावे लागते.

'पडला आहे' ह्यासाठी आ योबीदो हे जोडरूप आहे. येथे देशपरत्वे चाल बदलते. आज सकाळी पाऊस झाला असेल, तर माद्रिदचा माणूस बहुधा आ योबीदो म्हणेल आणि मेक्सिकोचा नुसते योब्यो म्हणून मोकळा होईल. दोन्ही शुद्ध. एक जोडरूप मात्र बोलण्यातून जवळजवळ गेले आहे, ऊबो योबीदो. तक्त्यात दिसले तर नमस्कार करावा आणि पुढे जावे.

भविष्यकाळाचे रूप कसे घडले ते ऐकण्यासारखे आहे. लॅटिन बोलणारे सामान्य लोक 'गाईन' म्हणण्याऐवजी 'मला गायचे आहे' असे काहीसे बोलू लागले. मूळ क्रियापद आणि पुढे 'असणे-बाळगणे' ह्या अर्थाचे सहायक क्रियापद. पुढे दोन्ही चिकटली. योबेर अधिक आ, मिळून योबेरा. 'पडायचा आहे' ह्याचे 'पडेल' झाले. सांधा जुन्या स्पॅनिशमध्ये इतका ताजा होता की मधे सर्वनाम घुसवता येई. आता सांधा बुजला, आणि लोकांनी पुन्हा नवी जोडणी सुरू केली: बा आ योबेर, शब्दशः 'पडायला जातो आहे', म्हणजे 'पडणार आहे'. रोजच्या बोलण्यात हेच जास्त.

मग जुना योबेरा रिकामा बसला का? नाही. त्याने दुसरे काम धरले. 'किती वाजले?' असे विचारले आणि घड्याळ नसले तर स्पॅनिश माणूस भविष्यकाळात उत्तर देतो, ज्याचा अर्थ 'पाच वाजले असतील'. 'तो कुठे आहे?' 'घरी असेल.' हे असेल म्हणजे एस्तारा. पाहा, मराठीची आणि स्पॅनिशची येथे अगदी गळाभेट होते. भविष्यकाळाचे रूप, पण बोलणे आत्ताचे. त्यात फक्त अंदाज आहे. मराठी माणसाला हे समजावूनसुद्धा सांगावे लागत नाही, एरवी पाठ्यपुस्तकांत ह्यावर पानेच्या पाने खर्ची पडतात.

आता अर्थांकडे वळू. विषयाचा गाभा येथे आहे.

स्पॅनिशमध्ये खबर देणारा स्वार्थ, हुकमाचा आज्ञार्थ, आणि तिसरा, ज्याला ते सुबखुन्तीवो म्हणतात. आपल्या सोयीसाठी मी त्याला इच्छार्थ म्हणतो, पण नाव थोडे तोकडे आहे, ते का ते पुढे येईल. युएबे हा स्वार्थ, तर युएबा हा इच्छार्थ. एका स्वराचा फरक. म्हातारीचे 'पडो बाबा' स्पॅनिशमध्ये होते, ओखाला युएबा! हा ओखाला शब्द अरबीतून आला आहे, 'ईश्वराची मर्जी असेल तर' अशा अर्थाच्या शब्दांतून. मुसलमानांचे राज्य स्पेनच्या निरनिराळ्या भागांत काही शतके होते, त्याची ही खूण. त्याच्यामागे इच्छार्थाखेरीज दुसरे रूप येतच नाही.

एक वाक्य घ्या, मी त्याला सगळ्यांत वर ठेवतो. दीसे के ब्येने, म्हणजे 'तो येतो असे म्हणतो'. दीसे के बेंगा, म्हणजे 'ये म्हणून सांगतो', त्याने यावे असा निरोप. 'म्हणतो' तेच, 'येणे' तेच. पहिल्यात तो येणार ही खबर आहे, दुसऱ्यात दुसऱ्याने यावे ही इच्छा. आपण 'येतो' आणि 'यावे' ह्यांनी जे करतो ते. आपला विध्यर्थ, करावा-करावी-करावे, हाच मराठी माणसाचा इच्छार्थाच्या घरात शिरण्याचा पहिला उंबरठा. 'त्याने यावे अशी माझी इच्छा आहे', 'डॉक्टर म्हणतात की तिने विश्रांती घ्यावी', 'तू शिकावेस म्हणून मी राबतो', ह्या सगळ्या ठिकाणी स्पॅनिश इच्छार्थच वापरते. 'वा-वी-वे' ऐकू आला की इच्छार्थ, हा ठोकळ नियम दहापैकी आठ वेळा तरी तारतो, असे मी अनुभवाने सांगतो.

आदराचेही तेच. वडीलधाऱ्याला आपण 'या' म्हणतो, अधिक अदबीने 'आपण यावे' म्हणतो. स्पॅनिशमध्ये बरोबरीच्या माणसाला बेन, 'ये'. आणि आदराने बेंगा उस्तेद, 'आपण यावे'. उस्तेद हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या दोन शब्दांतून झिजून झाला आहे, आपल्या 'हुजूर', 'महाराज' ह्यांच्या जातीचा. म्हणून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येते. नकारार्थी हुकूम करायचा तर बरोबरीच्या माणसालाही इच्छार्थ लागतो: नो बेंगास, 'येऊ नकोस'. आपणही 'ये' ह्याला नुसता नकार जोडत नाही, रूपच बदलून 'येऊ नकोस' म्हणतो.

इथपर्यंत मराठी बरोबर आहे. आता ती हात सोडते ती ठिकाणे.

'पाऊस पडेल असे मला वाटते' आणि 'पाऊस पडेल असे मला वाटत नाही', मराठीत दोन्हींत 'पडेल'. स्पॅनिशमध्ये पहिल्यात योबेरा, पण दुसऱ्यात युएबा. मी ज्याची ग्वाही देत नाही, ते स्वार्थात सांगायचे नाही, असा तिचा दंडक. 'तू येशील तेव्हा बोलू', येथेही आपण 'येशील' म्हणतो. स्पॅनिश क्वान्दो बेंगास म्हणते, कारण तू अजून आलेला नाहीस. 'तू येतोस तेव्हा बोलतो', ही नेहमीची रीत असेल, तर मात्र क्वान्दो ब्येनेस. एका अक्षरावरून कळते की भेटी नेहमी होत आहेत की अजून व्हायची आहे.

'मराठी येणाऱ्या एका गुरुजींना मी शोधतो आहे.' हे गुरुजी कोण ते मला माहीत आहे, फक्त सापडत नाहीत. तर स्पॅनिशमध्ये के साबे. पण 'मराठी येत असेल असा कुणी गुरुजी मला हवा आहे', तर के सेपा. असा गुरुजी जगात आहे की नाही हेही ठाऊक नाही. शाळेच्या जाहिरातीत म्हणून नेहमी सेपा. 'पाऊस पडतो आहे तरी जातो' ह्यात आउन्के युएबे. 'पाऊस पडला तरी जाईन' ह्यात आउन्के युएबा. मराठीत पहा, पाऊस अजून पडलेला नसताना आपण 'पडला तरी' असे भूतकाळी रूप वापरतो. कल्पनेसाठी भूतकाळ उसना घेण्याची सवय आपल्याला आहे, ती पुढे उपयोगी पडेल.

आणि ज्या जागी 'इच्छार्थ' हे नाव तोकडे पडते, ती ही. पाऊस झाला. सगळे भिजले. शंका नाही, इच्छा नाही. तरी स्पॅनिश शेतकरी म्हणतो, 'पाऊस पडला ह्याचा मला आनंद आहे', आणि त्या 'पडला'ला इच्छार्थाचे रूप देतो, आया योबीदो. का? कारण ह्या वाक्यात तो पावसाची खबर देत नाही. पाऊस ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे. तो खबर देतो आहे ती आपल्या आनंदाची. जी गोष्ट वाक्यात ग्वाही म्हणून मांडलेली नाही, मग ती खरी असो वा खोटी, ती इच्छार्थात. 'शंका असेल तिथे इच्छार्थ' असे पुष्कळ पुस्तके पहिल्याच दिवशी सांगतात. विद्यार्थी ते पाठ करतो आणि ह्या वाक्यापाशी फसतो. गुरुजींनी पहिल्या दिवसापासून 'ही बातमी आहे का?' एवढाच प्रश्न मुलाला विचारायला लावावा.

आता कोपऱ्यातल्या त्या कर्जबाजारी माणसाकडे जाऊ. जर-तर तीन प्रकारचे. 'पाऊस पडला तर पेरू', सी युएबे, सेम्ब्रामोस. मराठीत भूतकाळी रूप, स्पॅनिशमध्ये साधा वर्तमान. येथे 'जर' ह्या अर्थाच्या सीच्या मागे भविष्यकाळ येत नाही, आणि वर्तमानकाळी इच्छार्थ युएबा हाही येत नाही. इतकी अनिश्चित गोष्ट असून का येत नाही, असे विचारले तर उत्तर एवढेच की भाषेची चाल तशी पडली. दुसरा प्रकार, पाऊस येण्याचे चिन्ह नाही, नुसती कल्पना: सी योब्येरा, सेम्ब्रारीआमोस. आपला 'पाऊस पडता तर बरे होते' ह्यातला 'पडता' म्हणजे हे योब्येरा. हा आपला संकेतार्थ. तिसरा, वेळ निघून गेली: सी उब्येरा योबीदो, आब्रीआमोस सेम्ब्रादो, 'पडला असता तर पेरले असते'. हल्ली मराठी बोलण्यात 'पडता तर' मागे पडून दोन्ही ठिकाणी 'पडला असता' येते. स्पॅनिश मात्र दोन्ही दालने वेगळी ठेवते.

योब्येराचा इतिहास मौजेचा आहे. लॅटिनमध्ये ह्या रूपाचा अर्थ होता 'पाऊस पडला होता'. काळाने दूर असलेली गोष्ट दाखवणारे रूप हळूहळू वास्तवापासून दूर असलेली गोष्ट दाखवू लागले. आपल्याला ह्याचे नवल वाटू नये. घरी पाहुणा आला आणि 'जरा पाणी हवं होतं' म्हणाला, तर त्याला कालची तहान लागलेली नसते. भूतकाळाने तो आपली मागणी जराशी लांब ठेवतो, अंगावर येऊ देत नाही. स्पॅनिश पाहुणाही कीस्येरा म्हणतो, त्याच योब्येराच्या घराण्यातले रूप, आणि त्याच कारणाने.

गुरुजनांना शिकवण्याविषयी एक सांगतो. तक्ता भिंतीवर लावा, पण शेवटी लावा. आधी मुलांना गावातल्या बोलण्यातून वीस वाक्ये गोळा करून आणायला सांगा: पडला, पडे, पडत होता, पडेल, पडणार, पडला असेल, पडावा, पडो, पडता तर, पडला असता. प्रत्येक वाक्य बोलणाऱ्याने का बोलले, ते त्यांनीच सांगावे. मग त्यासमोर स्पॅनिश रूप ठेवा. मुलाला स्पॅनिश येईल तेव्हा येईल; आपली भाषा किती बारीक विणीची आहे हे त्याला त्या दुपारीच कळेल. इंग्रजीतून आलेले 'हे इंग्रजीत नाही म्हणून कठीण' हे वाक्य मात्र वर्गात येऊ देऊ नका.

शेवटी एका म्हाताऱ्या रूपाची गोष्ट. इच्छार्थाला एके काळी भविष्यकाळही होता: योब्येरे, 'पाऊस पडेल तर, पडेल तेव्हा'. आज स्पेन-मेक्सिकोत तो कुणी बोलत नाही. कायद्याच्या कलमांत भेटतो, 'जो कोणी असे करील त्याला' अशा जागी, आणि म्हणींत. 'ज्या गावी जाशील तिथे जे पाहशील तसे कर' अशी त्यांची एक म्हण आहे, आपली 'देश तसा वेश', तिच्यात हे रूप जपून राहिले आहे. क्वान्दोच्या मागे त्याची जागा युएबाने घेतली.

पोर्तुगीजमध्ये मात्र तो ठणठणीत आहे. लिस्बनचा शाळकरी मुलगाही 'पाऊस पडेल तेव्हा' ह्याला क्वान्दू शुवेर असेच म्हणतो, आणि हे शुवेर दिसायला मूळ क्रियापदासारखे असले तरी खरे म्हणजे तोच भविष्यकाळी इच्छार्थ आहे. गोव्यात १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेली वडीलधारी माणसे आपल्या ओळखीची असतील, तर मृगाच्या आधी एकदा त्यांच्याकडे जाऊन बसा आणि पावसाविषयी चार वाक्ये त्या भाषेत बोलायला सांगा. 'पडेल तेव्हा' म्हणताना ते काय म्हणतात ते नीट ऐका.